भरलेलं विमान

दिवसाला एकच विमान. सव्वाअकराला यायचं, पावणेबाराला जायचं. अठ्ठेचाळीस खुर्च्या, दोन पंखे, आत एकटी हवाईसुंदरी. डोंगराआडून त्याची घरघर आली की बाजारातले लोक घड्याळं लावून घ्यायचे, आणि ज्यांचं कुणी यायचं नसायचं तेही क्षणभर मान वर करून बघायचे.

त्या विमानाचं जमिनीवरचं सगळं ताई बघायच्या. हुद्दा स्टेशन इन्चार्जचा. हाताखाली काउंटरवरची एक मुलगी आणि सामान चढवणारे दोघे. त्यामुळे तिकीट ताईंनीच काढायचं, बॅग ताईंनीच तोलायची, माइकवर घोषणा ताईंनीच करायची, मग पिवळं जाकीट अंगात घालून धावतपळत बाहेर जायचं आणि दार लागल्याची खूण वैमानिकाला ताईंनीच करायची. आता उडवायचं तेवढं शिकून घ्या, म्हणजे कंपनीचा तोही पगार वाचेल, असं लाकूडवाले शेठ त्यांना दर बुधवारी म्हणायचे. ताई दर बुधवारी हसायच्या.

विमान उडालं की मुख्य कार्यालयाला एक ओळ कळवायची: आज डोकी किती. सव्वीस वर्षं ताईंनी ही ओळ कळवली. एकतीस. सव्वीस. एकोणचाळीस. आकडा मोठा असला की दिवस चांगला गेला. त्यांना कधी कुणी दुसरं काही विचारलं नाही.

त्यांचे यजमान याच विमानतळावर आगीच्या बंबावर होते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या रक्तात काहीतरी बिघडलं, आणि तेव्हापासून दर दुसऱ्या मंगळवारी शहराच्या इस्पितळात शिरेतून औषध घ्यायला जावं लागायचं. विमानाने सव्वा तास. रस्त्याने चौदा तास, आणि तोही घाटाचा, हाडं खिळखिळी करणारा. एकदा विमान रद्द झालं म्हणून ते बसने गेले होते. परत आले तेव्हा पायांची पिंपं झाली होती आणि तीन दिवस त्यांना चप्पल घालता आली नव्हती. डॉक्टर म्हणाले, पुन्हा हा प्रवास नको.

नोकरीतल्या माणसाच्या घरच्यांना कंपनीचं तिकीट जवळजवळ फुकट मिळायचं, पण अट एकच. खुर्ची रिकामी उरली तर जायचं, नाहीतर घरी. यजमान शेवटच्या बाकावर फाइल मांडीवर घेऊन बसायचे. सगळे चढले की ताई काउंटरवरून मान हलवायच्या, आणि ते सावकाश उठायचे. तीस-पस्तीस डोक्यांच्या विमानात एका माणसाला जागा कधी कमी पडली नाही.

मग ते पत्र आलं. छोट्या गावांच्या मार्गांना सरकार जी मदत द्यायचं ती थांबणार होती. कंपनी सहा महिने वाट बघणार. तेवढ्यात हा मार्ग स्वतःच्या पायांवर उभा राहिला तर ठीक, नाहीतर विमान काढून घेणार. ताईंनी पत्र तीनदा वाचलं. स्वतःच्या पायांवर म्हणजे काय, ते त्यांना विचारावंसंही वाटलं नाही. विमानाचे पाय म्हणजे त्यातली माणसं. विमान भरायचं. दुसरं काय असणार?

पदर खोचून त्या कामाला लागल्या. तिकिटाची एक गंमत गावात कुणाला ठाऊक नव्हती, ती त्यांनी घरोघर सांगितली. विमानातल्या खुर्च्या दिसायला सारख्या, पण दर पायरीपायरीने चढतो. दोन महिने आधी घेतलं तर पहिल्या पंधरा खुर्च्या बसच्या भावात. मग थोडं वर, आणखी थोडं वर. आदल्या दिवशी धावत आलं तर तेच तिकीट पाचपट. कॉलेजात जाऊन त्या मुलामुलींशी बोलल्या. इस्पितळात नर्सबायांशी बोलल्या. केस कापणाऱ्याच्या दुकानात त्यांनी स्वतःच्या हाताने कागद चिकटवला. ज्या म्हातारीने जन्मात विमान फक्त खालून पाहिलं होतं, तिला त्यांनी लेकीच्या घरी वरून पाठवलं. म्हातारी परत आली ती सगळ्यांना सांगत सुटली की ढगाला वरच्या बाजूनं घडी नसते, सगळा पिंजलेला कापूस.

आणि नेहमीचे होते ते. लाकूडवाले शेठ, महिन्यातून दोनदा येणारे हाडांचे डॉक्टर, धरणावरचे इंजिनिअर, दोन वकील. हे सगळे आदल्या दिवशी तिकीट काढायचे, पाचपट मोजायचे आणि कुरकुरायचेही नाहीत. पण ताईंना स्वतःलाच लाज वाटायची. शेजारची नर्स बसच्या भावात बसलेली, आणि आपल्या विमानाला इतकी वर्षं धरून असलेल्या या माणसांकडून मात्र पाचपट? त्यांनी एकेकाला बाजूला घेऊन समजावलं. शेठ, तुमचा बुधवार ठरलेला असतो ना, मग तीन महिन्यांचे बुधवार आजच काढून ठेवा. शेठ चाटच पडले. म्हणाले, ताई, आमच्या घरचा मुनीमसुद्धा आमचं इतकं बघत नाही.

विमान भरू लागलं. एक्केचाळीस. पंचेचाळीस. आणि एका मंगळवारी, अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस. ताईंनी यादी दोनदा मोजली. मग त्यांनी शेवटच्या बाकाकडे पाहिलं आणि त्यांची मान हललीच नाही.

यजमानांना कळलं. फाइल काखेत मारून ते काउंटरपाशी आले आणि हळूच म्हणाले, “अगं, माझी खुर्चीपण विकलीस की काय?”

दोघं हसले. इतक्या महिन्यांत असं हसणं झालं नव्हतं. औषध दोन दिवसांनी घेतलं, फार बिघडलं नाही, आणि पुढच्या वेळेपासून ताई त्यांचंही तिकीट सगळ्यांसारखं आधीच काढून ठेवू लागल्या. त्या दिवशीची ओळ कळवताना त्यांनी आकडा अक्षरांतही लिहिला. अठ्ठेचाळीस. वाटलं, तिकडे कुणीतरी खुर्चीवरून उठून उभं राहील.

पाचव्या महिन्यात भाचा आला. ताईंच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बहीण गेल्यावर सहाव्या वर्षापासून तो ताईंच्याच घरात वाढलेला. याच विमानाच्या चाकांना हात लावून तो मोठा झाला आणि आता मुख्य कार्यालयात, कुठलं विमान कुठे उडवायचं ते ठरवणाऱ्या खात्यात बसत होता. त्या दिवशीही विमान भरलेलं होतं. ताई जाकीट न काढताच त्याला सगळं दाखवू लागल्या: पाच महिन्यांच्या याद्या, कॉलेजच्या मुलांची रांग, भिंतीवरचा त्यांनी रोज उंच केलेला पेन्सिलीचा आलेख. तो मान डोलवत होता, पण आलेखाकडे बघत नव्हता.

मागच्या खोलीत, बॅगा तोलायच्या काट्याशेजारी, त्याने चहा घेतला आणि पेला खाली न ठेवता सांगितलं की मार्ग बंद होतोय. महिनाअखेर शेवटचं उड्डाण.

ताईंना वाटलं, त्याला कुणीतरी जुने आकडे दिले असणार. त्या यादी आणायला उठल्या. त्याने त्यांचा हात धरून बसवलं.

“मावशी, विमान भरलंय म्हणूनच बुडालं.”

मग तो सावकाश, लहान मुलाला गणित शिकवावं तसा बोलत राहिला. विमानाचं पोट डोक्यांनी भरत नाही. अठ्ठेचाळीस माणसं खालच्याच पायऱ्यांच्या दरात बसली तर तेलसुद्धा निघत नाही. आधी तीस माणसं असायची, पण त्यातली सात-आठ पाचपट द्यायची. त्या सात-आठांच्या खांद्यांवर बाकीचे बसलेले होते. सरकारी मदत गेल्यावर थोडा दर वाढवून, तेवढ्यांच्या जिवावर हा मार्ग कदाचित तरला असता. त्यांनाच तू स्वस्तात काढायला शिकवलंस.

ताई म्हणाल्या, शहरातून उडणारी ती दुसरी कंपनी, आपल्याच मालकांची, लाल रंगाची, ती तर सगळी तिकिटं स्वस्तच विकते. ती कशी जगते?

तो म्हणाला, तिचं विमान एकशेऐंशी खुर्च्यांचं. पंचवीस मिनिटांत खाली होऊन पुन्हा भरतं, दिवसात आठदा उडतं, आणि पाण्याचे, बॅगेचे, खिडकीचे वेगळे घेतं. तुझं अठ्ठेचाळीसचं, दिवसातून एकदा. तिचं सोंग याला झेपत नाही. आणि समुद्रापलीकडे जाणारी मोठी विमानं पुढच्या चार रांगांच्या झोपायच्या खुर्च्यांवर जगतात, मागची तीनशे माणसं नुसती सोबतीला.

“मग हे आता कुठे जाणार?”

“खाणवाल्यांनी भाड्यानं घेतलंय. त्यांची माणसं न्यायची-आणायची. पूर्ण विमानाचं भाडं देतात. रिकामं उडालं तरी.”

ताई काट्याकडे बघत राहिल्या. काट्यावर काहीच नव्हतं, तरी तो दोनशे ग्रॅम दाखवत होता. कित्येक वर्षं दाखवत होता.

त्यांनी विचारलं, “तुला हे कधी कळलं?”

“आकडे दर महिन्याला येतात.”

“मग दुसऱ्याच महिन्यात एक फोन का नाही केलास?”

“ती माहिती बाहेर द्यायची नसते, मावशी.”

“मी बाहेरची?”

पेल्यात चहा उरला नव्हता तरी त्याने पेला तोंडाला लावला.

नंतर जे सांगायला त्याला खरं म्हणजे पाठवलं होतं, ते त्याने सांगितलं. जाहीर व्हायला एकोणीस दिवस आहेत. तोवर कुणालाही काही कळता कामा नये, आणि पुढच्या तारखांची विक्री चालू राहील, कारण विक्री थांबली की बातमी फुटते. जाहीर झालं की लोकांना पैसे परत मिळतील, वरचे आकार सोडून. ताईंसाठी त्याने खूप खटपट करून लाल कंपनीत जागा धरली होती. शहरात, दारावर उभं राहून ज्यांच्या बॅगा मापात बसत नाहीत त्यांच्याकडून जादा आकार घ्यायचा. इस्पितळ तिथून दोन थांब्यांवर. पण हे एकोणीस दिवस नीट गेले तरच.

संध्याकाळी ताईंनी यजमानांना सगळं सांगितलं. त्यांना वाटलं होतं, हा माणूस चिडेल. पेटत्या गोदामात दोनदा आत शिरलेला माणूस. तो म्हणेल, गावाला उद्याच सांगून टाक, माझं काय व्हायचं ते होऊ दे. आणि मग त्या म्हणतील, नाही, तुमच्यासाठी मी गप्प राहीन. हे भांडण त्यांनी वाटेत मनातल्या मनात दोन्ही बाजूंनी भांडूनही घेतलं होतं.

यजमान स्वतःच्या पावलांकडे बघत राहिले. अंगठ्याने त्यांनी घोट्यावर दाबून पाहिलं, खळगा पडतो का ते. मग म्हणाले, “एकोणीसच दिवस तर आहेत.”

त्यावर भांडायला काही उरलं नाही. ताईंनी ताटं घेतली.

दुसऱ्या दिवशी बुधवार. लाकूडवाले शेठ नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर आले आणि काउंटरच्या मुलीला ओलांडून सरळ ताईंच्या खिडकीशी उभे राहिले. खुशीत होते. सुनेचे दिवस भरत आले होते, बाळंतपण शहरात होणार, म्हणजे घरातल्या सगळ्यांची ये-जा. यादी करूनच आणली होती त्यांनी: त्यांचे बारा बुधवार, बायकोचं जाणं-येणं, आणि शेवटी, बाळ सव्वा महिन्याचं झालं की सून आणि बाळ परत. गावातलं सगळ्यांत लहान गिऱ्हाईक तुमच्या विमानातून आणतो बघा, असं म्हणून त्यांनी यादी खिडकीतून आत सरकवली.

ताईंनी तारखा पाहिल्या. पहिल्या दोन सोडल्या तर सगळ्या महिनाअखेरीनंतरच्या होत्या.

त्यांनी एक तारीख पडद्यावर टाकली. पडद्याने सगळ्यांत स्वस्त दर दाखवला, पंधराच्या पंधरा खुर्च्या मोकळ्या. त्यालाही कुणी काही सांगितलेलं नव्हतं. मागच्या खोलीच्या दारात भाचा उभा होता. परतीच्या विमानाने जाणार होता. तो त्यांच्याकडे बघत नव्हता. खिशातून फोन काढून कुठेतरी बोट फिरवत होता.

“अगदी सगळीच एकदम काढायची का, शेठ?” ताईंनी विचारलं. “पुढचं पुढे बघू की.”

शेठ हसले. “आता उलटं शिकवता का? आधी काढलं की स्वस्त, असं कुणी सांगितलं आम्हाला?”

“मीच.”

“मग काढा.”

ताईंनी काढली. एक, मग दुसरं. बोटांना सवय होती, ती आपली चालत राहिली. सुनेच्या नावापुढे बाळासाठी खूण करायची असते, ती केली. बाळाचं नाव अजून नव्हतं, म्हणून तिथे फक्त ‘बाळ’ असं टाकलं. यंत्राने ते घेतलं. कागद कुरकुरत बाहेर येत राहिले आणि ताई ते एकावर एक नीट रचत राहिल्या. सगळे कडेला कडा लावून पाकिटात घातले, पाकीट शेठच्या हातात दिलं.

शेठ वळले, मग परत आले. सुनेची खुर्ची तेवढी खिडकीची द्या म्हणाले. पोर उठलं तर तिला बाहेर दाखवता येईल.

“कुठल्या बाजूची देऊ?” ताई म्हणाल्या. “डाव्या बाजूला नदी दिसते.”