पॅनकेक जागचा हलला नाही

"माझ्या तोंडावरून कुणाच्या बापाला काही कळत नाही," आर्विड पत्ते पिसत म्हणाला. "एकेचाळीस वर्षं इंगाला कळलं नाही, तुम्ही कोण लागून गेलात!"

"तोंडाकडे बघतंय कोण?" डोरीन म्हणाली. तिने तीस वर्षं शाळेची बस चालवलेली. मागे वळून न बघता कोण काय करतंय ते सांगायची. "तू बंडल मारायला लागलास की तुझा गुडघा उडतो. मग पायावर झोपलेला पॅनकेक वैतागून शेगडीपाशी जाऊन पडतो. अकरा हिवाळे आम्ही कुत्रा बघून खेळतोय, बाबा!"

आर्विडने टेबलाखाली वाकून पाहिलं. पॅनकेकने शेपटी हलवली.

आर्विड गावच्या पाणीखात्याचा निवृत्त पंपवाला. बिघडलेला पंप नुसता कानाने ओळखायचा. स्वतःचा गुडघा मात्र त्याला कधी ऐकू आला नव्हता.

आम्ही चौघं गोठलेल्या तळ्यावर, त्याच्या मासेमारीच्या झोपडीत पोकर खेळत बसलो होतो. झोपडी त्याने आणि त्याच्या बायकोने, इंगाने, मिळून ठोकलेली. पिवळे पडदे इंगाने शिवलेले. ती जाऊन चार वर्षं झाली, तरी पडद्यांना कुणी हात लावायचा नाही. मार्च अर्धा सरला की मिनेसोटात बर्फ पातळ व्हायच्या आत झोपड्या त्यावरून हलवाव्याच लागतात. त्यासाठी आमच्यातल्या चौथ्याने, हार्लन खाटकाने, आपली नवी गाडी आणून साखळीने झोपडीला जोडूनही ठेवली होती. तेवढ्यात आर्विड म्हणाला, "एक शेवटचा डाव."

पानं वाटली. डोरीनने आणि मी लगेच टाकून डाव सोडला. आर्विडची मला शेजारून दिसत होती: सगळ्यांत मोठं पान दश्शी, बाकी नुसता कचरा.

"झोपडी लावतो," आर्विड म्हणाला. "पडद्यांसकट. तू गाडी लाव."

हार्लनचा त्या झोपडीवर कधीचा डोळा होता. तो आधी टेबलाखाली वाकला. डोरीनही वाकली. पॅनकेक आर्विडच्या बुटावर हनुवटी टेकून, डोळे मिटून, समाधानाने पडला होता.

ते दोघं खाली बघत होते म्हणून, नाहीतर टेबलावर आर्विडच्या कपातली कॉफी कशी हिंदकळत होती ते त्यांना दिसलं असतं.

"कुत्रा खोटं बोलत नाही," हार्लन पुटपुटला. त्याने तीन राण्या टाकल्या आणि चावी सरकवली. "दाखव तरी, काय होतं?"

"बघायचं होतं तर खेळायचं होतंस, लेका."

आर्विडने वाकून बुटाच्या तोंडातून सॉसेजचा उरलेला तुकडा काढून पॅनकेकला दिला. सॉसेज हार्लनच्याच दुकानचं.

"चला, माझी गाडी मी चालवणार!" आर्विड ऐटीत बाहेर पडला. मागोमाग आम्ही आणि पॅनकेक. गाडीच्या दाराला हात लावला आणि तो थबकला. मान तिरकी करून ऐकू लागला.

"मागे व्हा," तो हळूच म्हणाला. "खाली पाणी चाललंय."

आम्ही पन्नास पावलं मागे आलो. बर्फ फुटला आणि गाडी नाकावर पाण्यात गेली. आर्विडने टोपी काढली.

साखळी हार्लनची होती, चांगल्यापैकी. चार वाजून दहा मिनिटांनी झोपडीही गाडीच्या मागोमाग गेली. पडदे ओढलेले होते.