डावा स्पीकर

एकतीस वर्षं ट्रक चालवून चंद्रभानने यंदाच्या होळीला स्टेअरिंग सोडलं. सोडलं म्हणजे गुडघ्यांनी सोडायला लावलं. तळेगावात हायवेपासून थोडं आत त्याचं दोन खोल्यांचं घर होतं. त्या घरात तो सलग चार रात्री झोपला असेल तर पोळ्याला, नाहीतर कुणाच्या मयतीला. आता रोज तिथंच झोपायचं होतं आणि झोप येत नव्हती. दिवसभर मात्र अंगात शीण भरलेला असायचा.

चैत्रात त्याने आर्वीच्या एका रिटायर मास्तरांकडून जुनी छोटी कार घेतली. जन्म दुसऱ्यांच्या गाड्या हाकण्यात गेला, एक तरी आपली असावी, एवढाच विचार. मास्तरांनी आपला टेप काढून घेतला होता. डॅशबोर्डमध्ये त्या जागी चौकोनी भोक होतं आणि त्यातून चार-सहा रंगीत वायरी लोंबत होत्या. चंद्रभानच्या बायकोने, धुरपताने, त्यात जुन्या लुगड्याचा तुकडा कोंबून ठेवला. सहा महिने तो तसाच होता.

टेपचा विषय मुलीने काढला. दिपाली नागपुरात नर्स होती. दसऱ्याला आली तेव्हा तिने आईबापांसोबत त्या गाडीतून आर्वीपर्यंतचा फेरा मारला आणि उतरल्यावर म्हणाली, "बाबा, तुम्ही दोघं असे बसता जसे एसटीत अनोळखी माणसं बसते. एक शब्द नाई. टेप तरी बसवून घ्या, माणसाचा आवाज तं येईन."

चंद्रभानला त्यात खोटं काही दिसलं नाही. धुरपता आधी गाडीत बोलायची. उन्हाळ्यात तिची आई गेली आणि तेव्हापासून ती खिडकीबाहेर पाहत बसायची. माणूस वयानं गप्प होतो, त्यात काय, असं त्याने धरलं होतं. शिवाय त्याला स्वतःलाही बोलायचा कंटाळा होता.

सोयाबीन निघून शेतं रिकामी झाली होती तेव्हा एका सकाळी दोघं वर्ध्याला गेले. आर्वी नाक्याच्या थोडं पुढे राकेशचं दुकान होतं. सीट कव्हर, हॉर्न, काचेच्या फिल्म आणि मागच्या भिंतीवर ओळीनं टेप. चंद्रभान दारातच थबकला. ट्रकच्या सगळ्या नटबोल्टांची नावं त्याला येत होती, पण टेप ही त्याची वस्तू कधीच नव्हती. ट्रकमध्ये टेप क्लीनरच्या हातात असायचा. क्लीनर बदलला की गाणी बदलायची. इंजिनाच्या वर ऐकू यावं म्हणून तो टेप एवढा मोठा करायचा की गाणं आणि इंजिन वेगळं काढता येत नसे.

"मले यातलं काई समजत नाई," त्याने राकेशला सरळच सांगितलं. "पह्यल्यांदाच घेऊन राह्यलो."

राकेश चाळिशीचा, सावकाश बोलणारा माणूस होता. "गाडीत कोण कोण बसते, काका?"

"आमी दोघंच."

"मंग सोपं हाय. डब्ब्यावर जो मोठा वॅटचा आकडा लिहेल असते ना, तो पाहू नका. तो एका झटक्याचा असते. रोज वाजते तो आकडा आतल्या कागदावर बारीक अक्षरात राह्यते. मोठी स्क्रीन मी देईन, पण तुमाले रस्ता पाहाचा हाय का पिक्चर? आन सीटखाली बेसचा डब्बा टाकला तं पोट्टे खुश होते, तुमची कंबर नाई होत."

"मंग घ्याचं काय?"

"सेट साधा घ्या. ब्लूटूथ असला, रेडिओ असला, झालं. स्पीकर मात्र चांगले घ्या, समोरच्या दोन दाराचे. आवाज स्पीकरातून येते, सेटातून नाई. लोक उलटं करते आन मंग वापस येते. आन कोणी गाडीची वायर कापतो म्हणलं तं कापू देऊ नका. तयार कनेक्टर भेटते, तोच मी लावून देतो."

त्याने भिंतीवरचे दोन-तीन सेट लावून दाखवले. चंद्रभानला सगळे सारखेच वाटले. त्याने धुरपताकडे पाहिलं.

"तुमाले जो आवडते तो घ्या," ती म्हणाली.

शेवटी त्याने सगळ्यात मोठी बटणं असलेला सेट निवडला. चष्मा न लावता दिसतील एवढं तरी कळत होतं.

बसवायला दीड तास लागला. दोघं दुकानाबाहेरच्या बाकावर चहा पीत बसले. रस्त्यावरून कापसाच्या गाड्या चालल्या होत्या. चंद्रभान कुठल्या गाडीचा गिअर कसा पडतो ते ऐकत होता. धुरपता पदराच्या टोकाला गाठ मारत होती, सोडत होती. दीड तासात दोघांत चार वाक्यं झाली असतील.

राकेशने हाक मारली. "या, बसा दोघंही. जसे रोज बसता तसेच बसा."

चंद्रभान स्टेअरिंगवर बसला, धुरपता त्याच्या डाव्या हाताला. राकेश तिच्या दाराबाहेर उभा राहून आत वाकला आणि त्याने बासरी लावली. आवाज बराच खाली घेतला. "मोठ्या आवाजात सगळेच स्पीकर चांगले वाटते, काका. हळू लावून पाहाचं. हा आता उजव्या दारातून. कसा हाय?"

"चांगला हाय."

"आता हा डावा."

चंद्रभान वाट पाहत राहिला. "लाव ना."

"लावला, काका."

"बंद हाय हा."

राकेशच्या कपाळाला आठी पडली. त्याने धुरपताला उतरवून दाराचं पॅनल पुन्हा उघडलं, वायर हलवून पाहिली, पॅनल बंद केलं. पुन्हा बासरी. चंद्रभानने मान हलवली. "कुठून तरी दूर आल्यासारखं वाटते. या दारातून नाई येत."

"चालू तं हाय," बाहेर उभी धुरपता म्हणाली. "मले इथूनही येऊन राह्यला."

राकेशने दारावरचा हात काढला. मग त्याने विचारलं, "काका, तुमी काय काम करत होते?"

"ट्रक. एकतीस वर्षं."

"जुन्या गाड्या? केबिनमंदीच इंजिन असलेल्या?"

"बहुतेक त्याच."

"उजव्या कानावर हात ठेवा बरं. घट्ट." राकेश गाडीला वळसा घालून आला आणि त्याने चंद्रभानचा तळवा स्वतःच नीट दाबून बसवला. मग सेटचं बटण फिरवून आवाज वाढवला.

चंद्रभानला राकेशचे ओठ हलताना दिसले. धुरपता काहीतरी म्हणत होती, तेही दिसलं. बासरी कुठेच नव्हती. कानात फक्त एक घरघर होती, ती तर कायमचीच होती. त्याने हात काढला आणि बासरी एकदम एवढी मोठी आली की तो दचकला.

"बंद कर," तो म्हणाला.

राकेशने सेट बंद केला. "वाईट नका मानू, काका. ट्रकवाले येते ना माह्याकडे, एक-दोघांचं असंच निघालं. इंजिन डाव्या हाताले असते, तोच कान जाते. हळूहळू जाते, म्हणून माणसाले समजत नाई. कानाच्या डॉक्टरले दाखवून घ्या."

चंद्रभानने हं केलं. फोन तो नेहमी उजव्याच कानाला लावायचा. आजकाल लोक हळू बोलतात, असं त्याला वाटायचं. ट्रकच्या केबिनमध्ये इंजिनावरची ती गरम पेटी डाव्या कोपराला लागायची, क्लीनर थंडीत तिच्यावर झोपायचे. एवढी वर्षं ती तिथंच बसून होती. त्याला राग आला नाही. फार थकायला झालं.

"पाह्यजे तं सगळा आवाज उजवीकडे घेऊन देतो," राकेश म्हणाला.

"मधातच राहू दे," धुरपता म्हणाली.

बिल झालं. चंद्रभान गाडीत बसला आणि बायकोची वाट पाहू लागला. ती बसेना. ती गाडीला वळसा घालून त्याच्या खिडकीशी आली आणि काचेच्या काठावर हात ठेवून उभी राहिली.

"मंग ते देवळीचं तुमी आयकलंच नाई का?"

"कोणतं देवळीचं?"

"वैशाखातलं. आपण इथून माहा चष्मा घेऊन निघालो होतो. मी म्हणलं, आईचं बरं नाई, देवळीले जाऊन येऊ, अर्ध्या तासाचा तं रस्ता हाय. तुमी हूं म्हणलं. चौकात आल्यावर मी अजून म्हणलं. तुमी आर्वीच्या रस्त्याले गाडी घातली."

चंद्रभान तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. तो दिवस त्याला आठवत होता. ऊन होतं, खिडक्या उघड्या होत्या, मागून एक टँकर हॉर्न देत होता. बायको काही म्हणाली होती का, ते आठवत नव्हतं. त्यानंतर आठव्या दिवशी देवळीहून तिच्या भावाचा फोन आला होता आणि मग ते गेले होते, पण तेव्हा म्हातारीला अंगणात काढून ठेवलं होतं.

"मले नाई आयकू आलं, धुरपता."

"ते आता समजलं."

"अजून एकडाव म्हणाचं होतं. हात लावून म्हणाचं."

"किती डाव म्हणू?" तिचा आवाज चढला नाही. "तुमी दोन रोजासाठी घरी येत होते, मी म्हणत होती हे करा, ते आणा. तुमी हूं म्हणत आन झोपत. मले वाटे, थकलेला माणूस हाय. देवळीच्या वख्तीही तेच वाटलं. आयकलं असन, जायचं नसन. मंग मी म्हणनंच सोडून देलं."

मागे एका रिक्षावाल्याने हॉर्न दिला. चंद्रभानने गाडी थोडी कडेला घेतली. धुरपता चार पावलं सोबत चालली.

"चाल, आता जाऊ देवळीले," तो म्हणाला. "सांजेपर्यंत वापस येऊ."

"आता कोणाले भेटाले?"

त्याने गिअर काढला आणि गाडी थांबवली.

"घरी चाला," ती म्हणाली. "थकली मी."

तिने मागचं दार उघडलं आणि ती त्याच्या बरोबर पाठीमागे बसली. गाडी निघाली. वाटेतल्या खरांगण्यापर्यंत सेट बंदच होता. पण आरशात तिचा चेहरा दिसत होता आणि तो दर थोड्या वेळाने आरशात पाहत होता, तिचे ओठ हलतात का ते.

दिपालीने पुढच्या आठवड्यात त्याला नागपूरला नेऊन कान तपासून घेतला. काचेच्या खोलीत बसवून, कानावर हेडफोन घालून, ऐकू आलं की बटण दाबायला सांगितलं. डाव्या कानाच्या वेळी त्याने बटण दाबलंच नाही म्हणायला हरकत नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, उजवा आहे तो सांभाळा. डाव्याला मशीन लावून पाहता येईल, थोडाफार फरक पडेल. दोन दिवस त्याने मशीन लावलं. भांड्यांचा, पंख्याचा, स्वतःच्या चावण्याचा आवाज डोक्यात आदळायला लागला, तेव्हा त्याने ते डबीत ठेवलं. मग दिपाली फोनवर रागावली, तेव्हा पुन्हा लावलं. सकाळी तासभर लावायचं, असं ठरलं.

गाडीत मात्र धुरपता मागेच बसायला लागली. कारंज्याच्या बाजारात कुणीतरी तिला विचारलं, "ड्रायव्हर ठेवला का वं बाई?" ती म्हणाली, "हो, जुना हाय, आयकते कमी." चंद्रभानने ते ऐकलं. हसू आलं नाही, वाईटही वाटलं नाही.

त्या दिवशी परत येताना त्याने सेट लावला होता. रेडिओवर बाजारभाव चालले होते. धुरपताने पुढे वाकून त्याच्या उजव्या खांद्यावर बोट ठेवलं.

"ते बंद करा थोडं."

त्याने बंद केलं.

"आई गेली त्याच्या आदल्या रोजी," ती त्याच्या कानाशी म्हणाली, "वहिनीनं तिले पेज पाजली. आर्धी वाटी. ते मी तुमाले सांगितलंच नाई."

"सांग," चंद्रभान म्हणाला आणि मागच्या ट्रकला पुढे जाऊ देत त्याने गाडी हळू केली.