बिनफोडणीचं वरण

कौसल्येनं एक लबाडी केली होती, आणि आता तीच तिच्या मानगुटीवर बसली होती.

सहा महिन्यांपूर्वी बोरी अरबच्या त्यांच्या वस्तीनं बुद्धाचा धम्म घेतला. तिच्या सासऱ्यानं, डोमाजीनं, घरोघरचे देव टोपल्यात भरले आणि अडाण नदीच्या डोहात सोडले. कौसल्येनंही दिले हो, पण मरीमायचा तेवढा टाक, बोटभर चांदीच्या पत्र्यावरची देवी, जवारीच्या कणगीत दडवला. म्हटलं, राहू दे बापा. असली तर असली, नसली तर काय खायला मागते?

आणि आता नलूला गोवर निघाला. सहा वर्षांची एकुलती एक पोर, तापानं नुसती फणफणलेली. दवाखान्यातल्या डॉक्टरानं औषध दिलं आणि बजावलं, पोटात अन्न गेलं नाही तर पोर हातची जाईल. पण गोवर म्हणजे माता आली, आणि माता आलेल्या घरात फोडणी द्यायची नाही, दिली तर मरीमाय लेकराचे डोळे नेते, हे कौसल्या लहानपणापासून ऐकत आलेली. चार दिवस तिनं बिनफोडणीचं वरण रांधलं. नलू घास तोंडाबाहेर काढायची. पोर पार वाळून गेली.

चौथ्या दिवशीही तसलंच वरण चाखून डोमाजीनं विचारलं, "काहून वं पोरी, तेल सरलं काय?"

चोराच्या मनात चांदणं! कौसल्येनं कणगीत हात घातला, टाक काढून सासऱ्यापुढं ठेवला आणि हमसून रडायला लागली. "मामाजी, मी पापीन! हिले नदीत धाडलं नाई, अन् पूजलंबी नाई. दोन्हीकडून गेली मी. हे कोपली, अन् माह्या पोरीले धरलं."

म्हातारा मोठा तापट. आता ताट भिरकावतो की काय, असं तिला वाटलं. पण त्यानं टाकाला चिकटलेले जवारीचे दाणे पुसले.

"धाक मलेबी होता," तो म्हणाला. "दारव्ह्याले भन्तेजी आलते, तवा इचारलं, देव हायेत का नाई? थे हासले. म्हने, जुन्या ग्रंथात हायेत ना! बुद्धाचं आयकाले येतात, हात जोडून खाली बसतात. त्याइलेबी जन्म हाय, मरन हाय. आता तूच सांग, ज्याइचा सोताचा फेरा सुटला नाई, थे तुह्या पोरीचे डोळे काय नेतीन?"

"मंग मरीमायबी..."

"तुह्या-माह्यासारखीच. डॉक्टरानं सांगतलं थे कर."

कौसल्येनं टाकाकडं पाहिलं. अगं बाई, हिलाही मरण आहे! जन्मभर जिचा धाक घेतला, तिची आज पहिल्यांदा कीव आली.

ती उठली. तेल तापवलं, लसूण ठेचला, मिरची तोडली. वरणात चर्रकन फोडणी ओतली. घरभर ठसका झाला. खाटेवर नलू सटासट शिंकली. कौसल्या पळी टाकून धावली.

"नलू! डोळे उघड! मी दिसतो काय तुले?"

"दिसतं ना माय," नलू कुरकुरली. "मले थेच वरन दे."

अर्धी भाकर कुस्करून खाल्ली पोरीनं! कौसल्या एका डोळ्यानं हसत होती, एका डोळ्यानं रडत होती. चार दिवसांचा छातीवरचा धोंडा उतरला.

आठवड्यानं नलू अंगणात खेळायला लागली, तेव्हा कौसल्या एकटीच अडाणवर गेली. गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि टाक हलकेच सोडून दिला.

"जाय माय," ती म्हणाली. "मी सुटली. आता तूबी सूट."