संत्र्याला शेवटच्या दोन बादल्या

देवीदासबाबू जाऊन महिना होत आला होता आणि त्यांच्या परसातल्या संत्र्याच्या झाडाचं काय करायचं, हे पांढुर्ण्याच्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं फक्त त्यांच्या मुलीला, रूपालीला.

अडचण साधी होती. घराची न्हाणी आणि संडास परसाच्या पार टोकाला, आणि रूपालीच्या आईचे, सुमनबाईंचे, गुडघे गेलेले. देवीदासबाबूंच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर दुसऱ्याच दिवशी त्या त्याच वाटेवर पडल्या. हाड मोडलं नाही; पुढच्या वेळी मोडेल, एवढं मात्र सगळ्यांना कळलं. न्हाणी घराला लागून हवी होती. मिस्त्री आला, फीत टाकली आणि म्हणाला की जागा दोनच आहेत. एक स्वयंपाकघराच्या मागे, जिथं संत्रा उभा आहे. दुसरी समोरची बैठक.

"बैठकीतच काढ," आई म्हणाली. "खाली त पडली आहे."

बैठक रिकामी पडलेली नव्हती. तिथं देवीदासबाबूंची वेताची खुर्ची होती आणि तीन कपाटं भरून पुस्तकं. टपाल खात्यात छत्तीस वर्षं लोकांची पत्रं वाटून आलेला माणूस संध्याकाळी तिथं बसून स्वतःसाठी वाचत असे. रूपाली अक्षरं ओळखायला शिकली ती त्याच खुर्चीच्या पायाशी. आता ती सौंसरच्या शाळेत मराठी शिकवत होती आणि दर शनिवारी संध्याकाळी आईकडे येत होती.

"बाबांच्या खोलीत संडास?" ती म्हणाली. "त्यापेक्षा झाड काढू."

आपण भावनेच्या आहारी न जाता निर्णय घेतला, असं तिला त्या वेळी मनापासून वाटलं.

झाडावर जीव लावावा असं त्यानं काही केलंही नव्हतं. बारा वर्षांत पानं भरपूर, संत्रं एकही नाही. संत्र्यांच्या मुलखात असं झाड म्हणजे घराची शोभाच होती. देवीदासबाबू त्याला आंघोळीचं पाणी घालत, भाजी धुतलेलं पाणी घालत, पावसाळ्यातही एखादी बादली नेऊन ओतत. यावरून शेजारच्या गुणवंताकाकांशी त्यांचं कुंपणावरून भांडण चाले. काकांची तिगावला संत्र्याची बाग होती. भांडण पाण्याचं आहे एवढंच रूपालीला माहीत होतं. तिला वाटायचं, नळाचं असेल. काका या वेळी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे नागपूरला होते, त्यामुळे विचारायलाही कुणी नव्हतं.

झाड काढायचं कसं, यावर मात्र सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणालं, बुंध्याला भोक पाडून हिंग भरा. कुणी म्हणालं, मिठाचं उकळतं पाणी ओता. समोरच्या अलकाबाईंनी आधी पौर्णिमा जाऊ द्या म्हणून सांगितलं आणि कारण विचारल्यावर त्यांनाच ते आठवेना. शेवटी मोहगावकडून चिंधू आला. चिंधूनं आयुष्यभर बाभळी पाडल्या होत्या. त्यानं दुसऱ्याच कुणाशी फोनवर बोलता बोलता झाडाला एक लाथ मारून पाहिली.

"लय ओलं आहे ताई. आता पाडलं त मुळं भिंतीले घेऊन येतीन. पहिले वाळू द्या. पाणी तोडा, थेंब नका देऊ. दीड महिन्यानं मी येतो."

पाणी तुटलं. रूपाली दर शनिवारी येऊन पाहत होती. आधी पानं मलूल झाली, मग कडेनं वळली, मग गळायला लागली. सगळं कसं क्रमानं चाललं होतं. बाबांनी असा काही क्रम ठेवला नव्हता. छातीत कळ आल्यापासून पाऊण तासात आटोपलं. तोही शनिवारच होता, आणि शनिवारी जामसांवलीच्या मारुतीला जी गर्दी असते तिच्यात रूपालीची बस अडकली होती. ती पोचली तेव्हा वीस मिनिटं होऊन गेली होती. "पाणी मागतलं होतं. चमच्यानं दिलं," एवढंच आई म्हणाली होती. त्यावर पुन्हा कधी बोलणं झालं नाही.

जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारी चिंधूचा फोन आला, उद्या येतो. रूपालीनं कपडे बदलले, दोन बादल्या भरल्या आणि परसात नेल्या.

आई दारात येऊन उभी राहिली. "वाळवून राहिली का पाजून राहिली व?"

"उद्या जाणारच आहे आई. तहानलेलं कशाला जाऊ द्यायचं?"

आईनं तिच्याकडे पाहिलं, मग झाडाकडे पाहिलं. "दोन्ही ओत मंग. अर्धवट नको ठेवू."

रूपालीनं दोन्ही ओतल्या. जमीन बराच वेळ आवाज करत पीत होती. त्यानंतर न्हाणीकडे जाता-येतानाही ती मान खाली घालूनच जाई. निरोप एकदाच घ्यावा, असं तिचं मत होतं.

चिंधू मात्र रविवारी आला नाही. पुढच्या रविवारी त्याच्या साळ्याचं लग्न निघालं, त्याच्या पुढच्या रविवारी कुऱ्हाडीचा दांडा मोडला. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी तो दोर आणि करवत घेऊन आला, मागचं दार उघडून परसात गेला आणि लगेच परत आला.

"ताई, काय चेष्टा करून राहिल्या का गरिबाची?"

रूपाली बाहेर गेली. झाडावर पानांपेक्षा फुलं जास्त होती. पांढरीशुभ्र, फांदीफांदीला लगडलेली, आणि मधमाश्यांचा नुसता घुमारा. सकाळपासून घरभर वास येत होता तो तिनं अलकाबाईंच्या उदबत्तीच्या नावावर टाकला होता.

"बहारातल्या संत्र्याले मी हात नाही लावत," चिंधू दोर गुंडाळत म्हणाला. "पुऱ्या पांढुर्ण्यात विचारा, कोनी लावते का."

कुंपणापलीकडून काळा चष्मा लावलेलं एक डोकं वर आलं. गुणवंताकाका आदल्या रात्रीच परतले होते.

"वा बेटा! कोनं शिकवलं तुले ताण द्याले?"

"ताण?"

"अव, दीड महिना पाणी तोडाचं अन् मंग एकदम भरपूर द्याचं. तहानलं का झाड घाबरते, अन् घाबरलं का फुलते. आमी बागेत हेच करतो. तुह्या बापासंग बारा वर्षं हेच भांडलो मी! बराबर केलं तू. एक दिवसही इकडे का तिकडे नाही."

झाड मारण्याचा जो उपाय रूपालीनं इतक्या निष्ठेनं केला होता, तो फुलवण्याचा निघाला. ती घरात आली. आई मेथी निवडत बसली होती.

"तुला माहीत होतं?"

"मोहगावच्या बागेत जलमली मी. मले नाही त कोनाले माहीत असन?"

"मग बाबांना सांगितलं नाहीस?"

"बारा वर्षं सांगतलं. म्हणे, सुमन, तहानलं ठेवून कोनाकडून काही घ्याचं नाही." आईनं एक काडी बाजूला टाकली. "नाही घेतलं. पानं पाहत बसले."

"आणि रोज तिथून जातेस, कळ्या दिसल्याच असतील. मला का नाही बोललीस?"

"तू शिकली-सवरली. म्हटलं, झाड काढू. मी काहून मधात बोलू?"

 बाहेर काका चिंधूला हिशोबानं समजावत होते की फळ दिवाळीच्या सुमारास उतरेल. म्हणजे बाबूंना जाऊन वर्ष होईल तेव्हा घरची संत्री.

"दिवाळीपर्यंत मी त्याच वाटेनं चालू का?" आईनं विचारलं. आवाजात तक्रार नव्हती. तिनं गुडघ्यावर हात ठेवून उठायला सुरुवात केली आणि ते उठणं संपेपर्यंत रूपालीनं पाहिलं.

मग ती बैठकीत गेली आणि पहिलं कपाट उघडलं.

दोन कपाटं सौंसरला गेली, एक आईच्या खाटेशी आलं. खुर्ची कुठंच मावेना, म्हणून ती परसात संत्र्याखाली ठेवली. मिस्त्रीनं भिंत फोडली तेव्हा रूपालीनं शाळेत जादा तास घेतला.

एप्रिलात न्हाणी तयार झाली. त्या शनिवारी रूपाली झाडाला पाणी घालत होती. फुलं झडून फांद्यांवर वाटाण्याएवढी हिरवी फळं धरली होती. आतून आईचा आवाज आला.

"रुपे!"

"काय झालं? पडलीस का?"

"पडू काहून? बसून राहिली."  "तुहे बाबा या खोलीत बसले का दोन दोन तास उठत नव्हते. मी चिडत होती. आता समजलं. जागाच तशी आहे."

  रूपाली तशीच नळी हातात धरून उभी राहिली, आळं भरलं, पाणी वरून वाहून खुर्चीच्या पायांशी गेलं, तरी उभी राहिली.

"अव पुरे! पुरे!" गुणवंताकाका कुंपणावरून ओरडले. "फळ गळन सारं! गेली ना बापावर!"