रीळ परत हवं

“माझं रीळ कुठंय?” मी विचारलं.

“फोटो मेल केलेत की, मॅडम.” फोटो लॅबच्या मालकाने फोनमधून मानही वर काढली नाही.

पाकिटावर मी लाल शाईने लिहिलं होतं, खाली दोन रेघा मारून: रीळ परत हवं. माझ्या आत्याचा कॅमेरा ज्या मापाची फिल्म घेतो, ती बनायची केव्हाच बंद झाली. राग कशाचा येतो, तर तेवढ्याच रुंदीची फिल्म आजही दुकानात मिळते. पण तिचं प्लॅस्टिकचं रीळ जाड, ते या कॅमेऱ्यात बसत नाही. म्हणून मी बाथरूमचं दार लावून, फटीला टॉवेल कोंबून, मिट्ट काळोखात ती फिल्म जुन्या पत्र्याच्या रिळावर चढवते. अशी रिळं माझ्याकडे दोनच. एकावरची फिल्म दुसऱ्यावर गुंडाळत जाते, त्यामुळे एक हरवलं की कॅमेरा नुसता खोका.

“टाकलं असेल हो कुणीतरी. गंजकं होतं.”

“गंजकं नव्हतं. रंग उडाला होता.”

“तेच ते.”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याच्या डोक्यामागच्या मोठ्या पडद्यावरचं चित्र बदललं आणि माझी धाकटी बहीण माझ्याकडे बघायला लागली. खिडकीपाशी, माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर. डोक्यावर एक केस नाही. खाली अक्षरं: जुन्या कॅमेऱ्याची जादू.

केस गळायला लागल्यापासून तिने घरातल्या आरशावर चादर टाकली होती. ऑफिसात पाठदुखीची रजा सांगितली होती. माझ्यासमोर टोपी काढून बसली ती एका अटीवर. “हा डबा आहे म्हणून बसते, ताई. फोनवर काढलास तर उठून जाईन. कुणाला दिसता कामा नये.” मी तिला शब्द दिला होता.

“हा फोटो कुणाला विचारून लावलास?” अहो-जाहो संपलं होतं.

“अहो काकू, भारी आलाय! आमच्या पेजवर सहाशे लोकांनी...”

“पेजवर?”

“आठवडा झाला. किती धीराची बाई आहे म्हणतात सगळे.”

धीराची! मी काउंटरची फळी उचलून आत शिरले आणि पडद्याची वायर उपटली.

“पोलिसांना बोलावीन हं!”

“बोलाव. मलाही त्यांना सांगायचंच आहे.”

त्याने बोलावलं नाही. मी त्याच्या डोक्यावर उभी राहिले आणि पेजवरून, कॉम्प्युटरमधून, फोनमधून एकेक फोटो पुसायला लावला. “एवढं काय त्यात,” तो पुटपुटत होता. निगेटिव्ह मी त्याच्या हातातून ओढून घेतल्या. रांगेतली एक बाई स्वतःचं पाकीट परत घेऊन निघून गेली.

तिथून थेट बहिणीकडे गेले. लपवता आलं असतं; नाही लपवलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

“तू तेहतीस वर्षं हॉस्पिटलच्या डार्करूममध्ये एक्स-रे धुतलेस ना?”

“हो.”

“अख्ख्या गावाचे धुतलेस. मग माझे आठ फोटो परक्याला का दिलेस?”

गुडघे दुखत होते आणि फिल्म धुवायच्या रसायनांच्या बाटल्या माळ्यावर होत्या. एवढंच. लॅबवाल्यावर आग पाखडताना मला स्वतःच्या चुकीची आठवणसुद्धा झाली नव्हती.

“निघ तू,” ती म्हणाली.

तीन आठवडे तिने माझा फोन उचलला नाही. तिच्या साहेबीणबाईंनी तो फोटो पाहिला होता. त्यांनी फुलं पाठवली. ती तिने कागदासकट कचऱ्यात घातली, असं मला भाच्याकडून कळलं. लॅबवाल्याचा मेसेज आला: क्षमस्व, पुढची फिल्म अर्ध्या किमतीत. मी फोन पलंगावर आपटला.

मग एका दुपारी ती दारात उभी राहिली.

“परत काढ. मला पाहिजेत म्हणून काढ. आणि तूच धुवायचे.”

पत्र्याचं रीळ एकच उरलं होतं. मग प्लॅस्टिकच्या रिळाच्या कडा मी नेलकटरने कुरतडत बसले, दातओठ खात, ते कॅमेऱ्यात शिरेपर्यंत. फिल्म पुढे सरकवायची किल्ली इतकी जड फिरत होती की अंगठ्याला फोड आला.

“हसायचंय का?” तिने विचारलं.

“मुळीच नको.”

ती भिंगाकडे अशी बघत होती, जणू पलीकडे तो लॅबवाला उभा आहे. चौथ्या फोटोला मध्येच उठली, तो हलला. संध्याकाळी मी माळ्यावर चढून बाटल्या काढल्या आणि फिल्म धुतली. ती बाथरूमबाहेर खुर्ची टाकून पहाऱ्याला बसली.

सकाळी फिल्म वाळल्यावर तिने स्वतःच कात्रीने तुकडे केले, पाकिटात घालून पर्समध्ये टाकले.

“आजपासून ऑफिसात जातेय. टोपी न घालता. आता लपवायचं राहिलंय काय?”

“माझ्यावरचा राग गेला का?”

“नाही,” ती म्हणाली आणि चपला घालायला लागली.