बिनवासाची बारा झाडं

आमच्या संशोधन केंद्रात साहेबांच्या नाकाचा फार दबदबा. फळ चाखण्याआधी ते हुंगायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. वासाचं ते उत्तम, बिनवासाचं ते कुचकामी. माणसांचंही बहुधा तसंच करत असावेत.

माझी धाकटी जाऊ तिथं कलमं बांधते, मी ट्रे धुते. नऊ वर्षं जपून तिनं संत्र्याची बारा झाडं वाढवली. फळं गोड, पण सालीला वास म्हणाल तर नावाला. साहेबांनी हुंगून नाक मुरडलं. "महिनाअखेर उपटून टाका. अहो, वास हेच तर फळाचं चिलखत! बुरशी जवळ फिरकत नाही."

जाऊचा चेहरा एवढासा झाला. "साहेब, एकदा तपासून तरी बघू या."

वासाच्या नि बिनवासाच्या, दोन्ही जातींच्या फळांना सुईनं टोचलं, हिरव्या बुरशीचं पाणी लावलं. सहा दिवसांत घमघमणारी फळं बुळबुळीत झाली. जाऊची बहुतेक सगळी ठणठणीत.

"योगायोग!" साहेब म्हणाले. "ट्रे नीट धुतला नसेल." आणि नजर माझ्याकडे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मग त्यांना फळांची दया आली. "बिचाऱ्यांना जरा वास देऊ. दुप्पट टिकतील, बघाच." या खेपेला ट्रे त्यांनी स्वतः धुतले, बाह्या सरसावून. जाऊची नवी फळं टोचून, बुरशी लावून दोन ट्रेमध्ये ठेवली. एका ट्रेतल्या फळांना संत्र्याच्या सालीचं तेल चोपडलं, अत्तर लावावं तसं. दुसरा ट्रे जाऊनं हट्टानं कोराच ठेवायला लावला.

चौथ्या दिवशी अत्तरवाली फळं हिरवी मखमल पांघरून बसली होती. वासानंच बुरशीला आत यायची वाट दाखवली होती म्हणा ना. कोरी फळं जशीच्या तशी.

"हे ट्रे कुणी धुतले?" साहेब कडाडले.

"तुम्हीच, साहेब," मी म्हटलं. "माझ्यावर भरवसा नव्हता ना."

झाडं वाचली. अहवालात साहेबांनी लिहिलं, 'वास घातक ठरतो, हे मला पहिल्यापासून जाणवत होतं.' जाऊचं नाव कुठंच नाही.

"अगं, तुला राग नाही येत?" मी बागेत जाऊन तिला विचारलं.

"येतो की. पण आधी झाडं मोजा, जाऊबाई. बारा आहेत ना?" तिनं एक संत्रं तोडून माझ्या हातात दिलं. मी सवयीनं नाकाशी नेलं.

"आता तुम्हीपण?"

मी गुपचूप सोलायला घेतलं.