मी ज्या गाडीपाशी उभा राहीन

पेंटरच्या घरात आठवडाभर कपबशासुद्धा आदळून ठेवल्या जात होत्या. भांडण गाडीच्या विम्यावरून पेटलं होतं. बापलेक दोघंही नाकावर राग घेऊनच जन्माला आलेले, त्यामुळे मध्ये पडायला शेजारीपाजारीही धजावत नव्हते.

पेंटरच्या जुन्या पांढऱ्या गाडीचा विमा महिनाअखेरीला संपत होता. लेक नर्स. तिने ड्यूटीला जायला एक गाडी घेतली होती, तीही पांढरी, तीही वापरलेलीच. घेतली मात्र बापाच्या नावावर, कारण इतक्या वर्षांत एकही क्लेम न केल्याची घसघशीत सवलत बापाला मिळत होती. इथवर पेंटर राजी होते. पण एका विम्यावर गाडी एकच बसते. लेकीचं म्हणणं, रिन्यू व्हायच्या आतच जुनी काढून तिथे नवी घालायची, म्हणजे सवलत तिच्यावर चालू राहील. आणि जुनी? जुनी विकून टाकायची.

सवलत हे नुसतं निमित्त आहे, हे पेंटर पुरते ओळखून होते. लेकीला त्यांना स्टिअरिंगवरूनच उठवायचं होतं.

“तुम्हाला दिसत नाही,” ती तोंडावर म्हणाली होती. “परवा फाटकाचा खांब दिसला नाही, उद्या माणूस दिसणार नाही.”

“त्या गवंड्याने खांबच वाकडा बांधलाय.”

“इतकी वर्षं सरळ होता, परवाच वाकडा झाला?”

“माझ्या घरात राहून मलाच आंधळा म्हणतेस?”

त्या दिवसापासून तिने बापाला हाक मारणं सोडलं. बोलायची ती भिंतीकडे बघून. जेवण झाकून ठेवलंय. गोळी राहिली असेल तर घ्यावी.

खरं सांगायचं तर त्यांना दिसत नव्हतंच. उभा जन्म दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांचे नंबर रंगवण्यात घालवलेल्या या माणसाला आता समोरचं सगळं दुधात बुडवल्यासारखं दिसायचं. पण कबूल करतील ते पेंटर कसले! रस्ते त्यांना पाठ होते. सिग्नलला शेजारची गाडी हलली की ते हलायचे. रोज सकाळी बाजारातल्या रंगाच्या दुकानात जायचे, तिथे चार माणसं अजूनही ‘या पेंटर, बसा’ म्हणायची. गाडी गेली की ते गेलं. मग उरला लेकीने वाढलेलं मुकाट गिळणारा एक म्हातारा.

विमावाला आला तेव्हा दोघंही दारातच उभे होते.

“जुनीच रिन्यू करायची,” पेंटर म्हणाले.

“नवी घालायची,” लेक म्हणाली.

आपण कुठे येऊन अडकलो ते त्या बिचाऱ्याला उंबऱ्यावरच कळलं. “ते तुम्ही आपसात ठरवा. मला फक्त मालकाचा व्हिडिओ हवा. गाडीपाशी उभं राहायचं, मोठ्याने नंबर सांगायचा.”

“मालक कोण?”

“कागदोपत्री तुम्हीच, काका.”

“मग ठरलं. मी ज्या गाडीपाशी उभा राहीन तिचा विमा. हिचं एक अक्षर ऐकायचं नाही.”

लेक दारातून बाजूला सरकली. तिचं तोंड बंद केलं म्हणून पेंटरना आतल्या आत गुदगुल्या झाल्या.

ते ताठ मानेने अंगणात उतरले. नळ ओलांडला की पांढरी गाडी, नेहमीच्या जागी. बॉनेटवर हात ठेवून ते मोबाइलकडे वळले आणि खणखणीत आवाजात नंबर म्हणाले. स्वतःच्या हाताने रंगवलेला नंबर, झोपेतसुद्धा चुकला नसता.

विमावाल्याने मोबाइल खाली घेतला. “काका, परत सांगता? जरा प्लेट बघून?”

“बघायचंय काय त्यात? माझ्या हातचा आहे तो!” म्हणत ते वाकले आणि प्लेटवरून बोट फिरवलं. ब्रशाचा थर बोटाला लागायला हवा होता. लागले ते यंत्राने ठोकून उठवलेले आकडे.

बोट तिथेच थिजलं. सकाळी गाडी सुरू झाल्याचा आवाज त्यांनी अंथरुणातून ऐकला होता. लेक तिची गाडी हलवत असेल असं वाटलं होतं. पोरीने गाड्या बदलल्या होत्या. सख्ख्या बापाला सापळा लावला होता, तोही परक्या माणसासमोर. तिच्या मुस्काटात द्यावी असं त्यांना वाटलं, आणि त्याहून जास्त वाटली ती लाज. गाडी चुकली म्हणावं, तर दिसत नाही हे आपल्याच तोंडाने कबूल करायचं. तसं न म्हणावं, तर आपली गाडी गेली.

“मी नंतर येऊ का?” विमावाला चाचरत म्हणाला.

“कशाला? हीच गाडी. मघाशी सवयीने जुना नंबर तोंडात आला. घ्या व्हिडिओ.”

आणि पुन्हा वाकून, जणू प्लेटवरची धूळ पुसत असल्यासारखं बोट फिरवत, पेंटरनी एकेक आकडा मोठ्याने वाचला. एकही चुकला नाही. विमावाला काम उरकून पळाला.

“झालं समाधान? बापाला उघडं पाडलंस.”

“पाडलं,” लेक म्हणाली. “तुम्ही कुणाला चिरडेपर्यंत थांबायला हवं होतं का मी?”

“तोंड बंद कर.” पण विचारावंच लागलं. “माझी कुठे उभी केलीस?”

“गल्लीत. भिंतीला लागून.”

पेंटर तरातरा आत गेले, खुंटीवरची किल्ली ओढून बाहेर आले. ती अजून अंगणातच होती, नळाच्या पलीकडे, पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये. त्यांनी किल्ली तिच्या तोंडासमोर धरली.

“घे. विक, मोड, काय वाटेल ते कर.”

ती किल्ली घेईना.

“घे ना! आता का मुकी झालीस?”

“तो युनिफॉर्म वाळत घातलाय, बाबा,” मागून आवाज आला. “मी इकडे आहे.”